तुम्ही विचारलंत म्हणून: थंडीत वाळवंटात कोणते पक्षी?

भरतपूरसारखे भरलेले पाणथळ सोडून तुम्ही दर थंडीत बिकानेर, फलोदी आणि अबू असा रुक्ष रस्ता का धरता, असे कोणी ना कोणी विचारतेच. सरळ उत्तर असे, की थरच्या वाळवंटात पक्ष्याला आडोसा फारसा नसतो. खेजडीची तुरळक झाडे वगळली तर नजर क्षितिजापर्यंत मोकळी जाते, आणि जंगलात पानाआड क्षणभर दिसणाऱ्या पाखराच्या तुलनेत येथे एकच पक्षी अर्धा तास पाहता येतो.

बिकानेरजवळच्या जोडबीडचेच घ्या. मेलेले उंट आणि गुरे तेथे आणून टाकतात, त्यामुळे हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले स्टेप गरुड, काळी गिधाडे आणि युरेशियन गिधाडे तेथे गर्दी करतात. दुर्गंधीची तयारी ठेवूनच जावे. पहिल्या खेपेस मी नेहमीच्या शिस्तीने उजाडताच जाऊन बसलो आणि नुसता कुडकुडलो, कारण ऊन तापून हवा वर चढू लागेपर्यंत हे अवजड पक्षी जागचे हलत नाहीत. त्या कंटाळ्यात एक लाभ मात्र झाला. पंचवीसएक पावलांवर जमिनीवर बसलेल्या गरुडाच्या जिवणीची पिवळी कड थेट डोळ्याच्या मागच्या टोकापर्यंत गेलेली दिसली आणि पुस्तके चाळूनही पक्का न झालेला स्टेप गरुड त्या दिवशी कायमचा ओळखीचा झाला. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या टॉनी गरुडाची ही कड डोळ्याच्या मध्याखालीच थांबते.

करकोच्यांसाठी एवढा खटाटोप लागत नाही. फलोदीजवळच्या खिचन गावात गावकरी चुग्गाघरात धान्य टाकतात आणि कांड्या करकोचे, तिकडच्या बोलीत कुरजां, सकाळी हजारोंनी उतरतात. तो गलबला एकदा अनुभवावाच. मला स्वतःला मात्र तेच पक्षी दुपारी तळ्याकाठी शांत उभे असलेले अधिक आवडतात.

अरवलीतल्या अबूला मी शेवटचे दोन दिवस राखून ठेवतो, ते केवळ हिरव्या मुनियेसाठी. ही मुनिया निसर्गतः फक्त भारतात आढळते आणि पिंजऱ्यात ठेवण्यासाठी पकडली गेल्यामुळे येथेही विरळ झाली आहे. गेल्या खेपेस घाणेरीच्या एकाच फांदीवर सात जणी खेटून बसल्या होत्या, लाल चोची एका रांगेत, कुशीवर काळे-पांढरे पट्टे. मधली एखादी उडाली की उरलेल्या सरकून तिची जागा भरून काढत आणि परतलेल्या मुनियेला टोकाला बसावे लागे.