पुढच्या टायरसाठी ३२ दिवस

"मॅडम, रबर आहे, दूध नाही नासायला."

ठाण्यातल्या एका मोठ्या टायरच्या दुकानात हे वाक्य माझ्या तोंडावर फेकलं गेलं. त्याला आता बरेच महिने झाले, पण अजून आठवलं की कानशिलं तापतात. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. कुणाचे तरी दिवस आणि पैसे वाचतील.

माझी गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन, ४११ सीसीची, २०२१ च्या मार्चमध्ये घेतलेली. मानपाड्याहून ऐरोलीला ऑफिस, आणि सुट्टी मिळाली की कसारा, भंडारदरा, माळशेज. मागचा टायर १३,००० किलोमीटरवर एकदा बदलला होता. तेव्हा गेले, बसवला, आले. या वेळी गाडी २४,००० वर आली तेव्हा तो दुसरा टायरही मधोमध सपाट झाला होता. पुढचा अजून गाडीबरोबर आलेलाच होता. त्याचे कडेचे ठोकळे एका अंगाने झिजले होते. एका दिशेने हात फिरवला की गुळगुळीत लागायचं, उलट फिरवला की करवतीसारखं बोचायचं. एप्रिलमध्ये कापूरबावडीजवळ मेट्रोच्या कामासाठी टाकलेल्या लोखंडी प्लेटवर टँकरचं पाणी सांडलं होतं, तिथे पुढचं चाक वीतभर सरकलं. पडले नाही, पण पाय थरथरत होते. पाऊस यायच्या आत दोन्ही टायर बदलायचे, हे त्याच संध्याकाळी ठरलं.

कुठला टायर, हा प्रश्न मी व्हिडिओ बघून सोडवायला गेले आणि आठवडाभर नुसती गोंधळले. सगळ्यांना मोठमोठ्या ठोकळ्यांचे बटण टायर आवडतात. दिसतातही देखणे. शेवटी पेट्रोलच्या नोंदींची वही काढली आणि मागच्या वर्षी मी खरंच कुठे कुठे गेले ते मोजलं. साधारण ६,००० किलोमीटर, त्यातले कच्च्या रस्त्याचे जेमतेम ४००. बाकी घोडबंदर रोड, ठाणे-बेलापूर रोड आणि नाशिक हायवे. हे एकदा डोळ्यांसमोर आल्यावर वाद संपला. बटण टायरच्या ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा जास्त, म्हणजे डांबरावर आणि काँक्रीटवर रबर कमी टेकतं. ओल्या पेव्हर ब्लॉकवर मला त्या रिकाम्या जागेचा काय उपयोग? शिवाय हायवेवर ते लवकर झिजतात. मी ८०:२० जातीचा टायर घेतला, म्हणजे ८० टक्के पक्क्या रस्त्यासाठी आणि २० टक्के कच्च्यासाठी. तुम्ही महिन्यातून दोनदा मुरबाडच्या आतल्या मातीच्या रस्त्यांवर जात असाल तर तुमचं उत्तर वेगळं येईल. पण आधी वही काढा.

साइजमध्ये मी प्रयोग केला नाही. पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७, जे कंपनीने दिलं तेच. एका दुकानात मागे १३०/८० टाका, गाडी भरदार दिसेल, असं सांगत होते. पण यातला दुसरा आकडा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची. १२० च्या ९० टक्के म्हणजे १०८ मिलिमीटर, १३० च्या ८० टक्के म्हणजे १०४. वर-खाली दोन्हीकडचे चार-चार मिळून चाक आठ मिलिमीटरने लहान होतं. फरक फार नाही, पण दिसण्यासाठी मी तेवढाही करणार नव्हते.

आता मुद्द्याचं.

१० मे २०२५, शनिवार. त्या मोठ्या दुकानात दोन्ही टायर सांगितले. आधी विचारणा झाली, "गाडी साहेब चालवतात का?" मी म्हटलं, गाडी माझी आहे. मागचा टायर आठवड्यात येईल, पुढचा "वरून" यायला चार-पाच दिवस जास्त लागतील, असं कळलं. पुढच्यासाठी ३,००० रुपये ॲडव्हान्स घेतला आणि एका चिठोऱ्यावर आकडा लिहून सही करून दिली. मी ते चिठोरं घेऊन निघाले, ही माझी चूक. पावतीवर टायरची कंपनी, साइज आणि "या वर्षी तयार झालेला" या तीन गोष्टी लिहून घ्यायला हव्या होत्या.

मागचा टायर १७ मेला आला आणि बसला. त्याबद्दल तक्रार नाही.

पुढच्याचं मात्र सुरू झालं. सोमवारी फोन केला, गुरुवारी या. गुरुवारी फोन केला, गाडी भिवंडीच्या गोडाऊनमधून निघाली आहे. शनिवारी प्रत्यक्ष गेले, तर ज्याने ऑर्डर घेतली तो मुलगा सुट्टीवर. तोवर २६ मे उजाडला. त्या वर्षी मोसमी पाऊस त्याच दिवशी मुंबईत येऊन धडकला, इतक्या लवकर येण्याची नोंदच नव्हती म्हणे. मी खिडकीतून खाली पार्किंगमध्ये बघत होते. मागे नवा टायर, पुढे करवत, आणि रस्त्यावरून धो धो पाणी. गाडी तशीच उभी ठेवली. ऐरोलीला बसने जायला लागले. जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही चौघी माळशेजला जाणार होतो. त्या तिघी गेल्या. घाटातले फोटो आले, मी फोन उलटा करून ठेवला. नंतर नंतर दुकानातला माणूस माझा आवाज ओळखून "उद्या, ताई, उद्या" एवढंच म्हणायचा. कधी मिळेल ते माहीत नसेल तर तसं सांगावं. मी दुसरीकडे गेले असते. "उद्या" म्हणून माणसाला बांधून ठेवायचं, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

७ जूनला, २८ व्या दिवशी, फोन आला. टायर आलाय.

गेले. टायर काउंटरला टेकवून उभा होता. काळाभोर, चकचकीत, छोटे रबरी केस अजून अंगावर. मी आधी फिरण्याची दिशा दाखवणारा बाण बघितला, मग साइज, मग "५४ एस". ५४ म्हणजे त्या टायरला २१२ किलोपर्यंत भार चालतो, आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. सगळं बरोबर. तारीख सापडेना. टायर भिंतीकडे फिरवला, उकिडवी बसले, मोबाइलची टॉर्च तिरकी धरली. डॉट या अक्षरांपुढे बरीच अक्षरं असतात आणि शेवटी एका छोट्या लंबगोलात चार आकडे. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. अंगठ्याने पांढरी भुकटी पुसली.

०९२१.

म्हणजे २०२१ चा नववा आठवडा. मला एकदम काहीतरी आठवलं. तशीच घरी आले, पार्किंगमध्ये गाडीसमोर बसले आणि जुन्या टायरवरची तारीख वाचली. ०२२१. जो टायर मी म्हातारा झाला म्हणून काढत होते, त्याच्यापेक्षा हा नवा टायर फक्त सात आठवड्यांनी लहान होता.

परत गेले. तेव्हा दुधाचं वाक्य ऐकायला मिळालं.

माझं म्हणणं मी शांतपणे मांडायचा प्रयत्न केला. सावलीत नीट ठेवलेला वर्ष-दीड वर्षाचा टायर मी आनंदाने घेतला असता. पण मी वर्षाला ६,००० किलोमीटर चालवते. पुढचा टायर मला चार वर्षं पुरतो. आज चार वर्षांचा घेतला तर शेवटच्या पावसाळ्यात माझ्या पुढच्या चाकाखाली आठ वर्षांचं रबर असणार. रबर कडक होत जातं, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. नक्षी कितीही खोल असली तरी. मागचं चाक सरकलं तर सावरायला वेळ मिळतो. पुढचं सरकलं तर माणूस खालीच. यावर उत्तर आलं, "सगळे घेतात, कुणी तारीख बघत नाही." आणि ॲडव्हान्स? "ऑर्डर देऊन मागवलेला माल परत जात नाही. हवं तर दुसरं काही घ्या." हेल्मेट घ्या म्हणाले.

मी न घेता बाहेर पडले.

पुढचा टायर मिळाला कळव्यात, एका छोट्या दुकानात. तिथे मी मुळात ट्यूब विचारायला थांबले होते. दुकानदार दादांना म्हटलं, हिमालयनचा पुढचा टायर कुठेच मिळत नाही हो. ते म्हणाले, "हिमालयनचा माझ्याकडेही नाही. साइज सांगा." साइज सांगितली. ते आत गेले आणि टायर घेऊन आले. "हा एक्सपल्सचा. पुढचं चाक सेमच." हीरोच्या एक्सपल्सचा पुढचा टायरही ९०/९०-२१, तोही ट्यूबवाला. मी महिनाभर सगळीकडे गाडीचं नाव सांगत फिरत होते. (मागचा मात्र चालत नाही, एक्सपल्सचं मागचं चाक १८ इंची आहे.) भार आणि वेगाचा कोड जुळवून बघितला, आयएसआयचा शिक्का बघितला, तारीख बघितली. २०२५ ची होती, मार्चमधली. कंपनी मागच्या टायरहून वेगळी, पण नक्षी त्याच जातीची आणि दोन्ही बायस. बायस म्हणजे टायरच्या आतले दोरे तिरके, रेडियल म्हणजे सरळ आडवे. साइजमध्ये आकड्यांच्या मधे आडवी रेघ असेल तर बायस, आर असेल तर रेडियल. पुढे एक आणि मागे दुसरा असं करू नका.

११ जूनला टायर बसला. मी समोर उभी राहून बसवून घेतला, तुम्हीही तसंच करा. ट्यूब नवीन घ्या, आणि आतली रिमपट्टी फाटली असेल तर तीही, नाहीतर स्पोकची टोकं ट्यूबला भोसकतात. दादांनी ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरली, म्हणजे टायर चढवायच्या लोखंडी पट्टीखाली ती चिमटत नाही. साबणाचं पाणी लावलं. टायरवरचा रंगीत ठिपका व्हॉल्व्हसमोर आणला, कारण ठिपक्यापाशी टायर सगळ्यात हलका असतो आणि व्हॉल्व्हपाशी चाक जड. हवा भरल्यावर रिमच्या कडेने जी बारीक रेघ दिसते, तिचं रिमपासूनचं अंतर सगळीकडे सारखं आहे का ते त्यांनी चाक फिरवून दाखवलं. एका ठिकाणी ती आत दबली होती. हवा सोडून पुन्हा भरली, मग टक् आवाज करून टायर बसला. हवेचं प्रेशर गाडीच्या पुस्तिकेत असतं तेच ठेवा, चालवणारा एकटा आणि डबलसीट यांचे आकडे वेगळे असतात.

नव्या टायरची वरची साल निसरडी असते. पहिले दीडशे किलोमीटर मी ओल्या रस्त्यावर गाडी झुकवलीच नाही.

किमतीचं सांगायचं राहिलं. मी घेतले तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला आहे. तेव्हा त्याआधीचा कुणी सांगितलेला भाव धरून बसू नका. आणि परदेशी टायरच हवा असेल तर हे लक्षात ठेवा की जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर सरकारी परवान्याचं बंधन आलं. अशा टायरचा साठा जुना असू शकतो, तारीख दोनदा वाचा.

ॲडव्हान्सचे ३,००० मी सोडले नाहीत. ९ जूनला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. चिठोऱ्याचा आणि टायरवरच्या आकड्याचा फोटो माझ्याकडे होता. तक्रारीचा क्रमांक मिळाला, तो मी दुकानाला फोटोंसकट पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. मग फोन आला, आवाज एकदम मऊ, "ताई, एवढं कशाला, आपण घरचेच आहोत." १७ तारखेला पैसे खात्यात जमा झाले.

त्यानंतरच्या रविवारी मी माळशेजला गेले. एकटीच. कल्याण-मुरबाडवरून. घाटात धुकं होतं, रस्त्यावरून पाणी वाहत होतं, आणि वळणावर पुढचं चाक जिथे ठेवलं तिथेच राहत होतं. वर पोचल्यावर चहा घेतला आणि गाडीच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर दोन्ही तारखा बॉलपेनने लिहून ठेवल्या.