मलमाला कोण औषध म्हणतं?

जांघेतला नायटा हा चारचौघांत सांगायचा विषय नाही. म्हणून मी सात महिने फक्त मेडिकलवाल्याला सांगितलं. तेही शेजारची बाई पैसे देऊन निघून जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्यांकडे बघत उभं राहून.

सुरुवात जूनमध्ये झाली. डोंबिवलीहून लोकल, गुडघ्यापर्यंत भिजलेली जीन्स, आणि ती दिवसभर एसीत अंगावरच वाळायची. रुपयाएवढा गोल, कडेने लाल. मेडिकलवाल्याने एक ट्यूब पुढे सरकवली. दोन दिवसांत खाज गेली, चौथ्या दिवशी लालीही. मी खूश, ट्यूब बंद. आठवड्याने तो परत आला, या वेळी तळहाताएवढा. पुन्हा ट्यूब. हेच दिवाळीपर्यंत. मग बायकोच्या पोटावर एक चट्टा उठला, नंतर मुलाच्या मानेवर. घरात टॉवेल एकच आणि आता ट्यूबही एकच.

जानेवारीत एकदाचा त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो.

"कुठली औषधं चालू आहेत?"

"नाही, काहीच नाही."

"काही लावता का?"

"हां, एक मलम आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. ट्यूब दाखवल्यावर बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: क्लोबेटासोल. लावायच्या स्टेरॉइडांमध्ये सगळ्यांत जहाल गटातलं. त्याच ट्यूबमध्ये बुरशीवरचं औषध होतं (नायटा म्हणजे बुरशीच), अँटिबायोटिकही होतं. म्हणजे मिसळच. खाज आणि लाली ही शरीराची बुरशीशी चाललेली मारामारी असते, डॉक्टर म्हणाले. स्टेरॉइड ती मारामारी थांबवतं, बुरशीला नाही. ती निवांत पसरते. वर नायट्याची ती गोल कडही पुसट होते, त्यामुळे बघणारा डॉक्टरसुद्धा फसू शकतो. त्यांनी पात्याने थोडा कोंडा खरवडला, काचेवर थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मलाही दाखवला. बारीक दोऱ्यांचा गुंता.

मांडीच्या आतल्या बाजूला जांभळट चिरा पडल्या होत्या, बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा. कातडी पातळ झाल्याची खूण. फिकट होतील, जाणार नाहीत.

ट्यूब बंद केल्यावरचे दोन आठवडे मी विसरणार नाही. दाबून ठेवलेली सगळी खाज व्याजासकट परत आली. रात्री दोनला पंख्याखाली बसून राहायचो. तिघांनाही उपचार, माझ्या गोळ्या कित्येक आठवडे, टॉवेल वेगवेगळे.

अशी स्टेरॉइडची मलमं 2018 साली सरकारने शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. माझ्या ट्यूबवर तशी सूचना छापलेली होती. नऊ-दहा ट्यूबा घेतल्या असतील. मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली नाही, मीही तो विषय काढला नाही. त्याच्यावर चिडावं तर डॉक्टरांची फी वाचवत होतो तो मीच. पोटात जाणारी गोळी असती तर दहादा विचार केला असता. मलम काय, वरवरच तर लावायचं!

मार्चमध्ये साताऱ्याला गेलो. रात्री आई आरशासमोर बसून गालावरच्या वांगाला काहीतरी चोळत होती. जवळ जाऊन पाहिलं. तीच ट्यूब.

"कुणी दिली तुला ही?"

"तूच की. दिवाळीला मोरीत विसरून गेला होतास. चांगली आहे रे, तोंड उजळलंय बघ. संपत आलीय, पुढच्या वेळी येताना दोन आण."