प्रीव्हॅरिकेट : ओविडच्या एका ओळीने सोडवलेली गाठ

मागच्या नोंदीत ‘प्रीव्हॅरिकेट’ या इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळ ठरवताना अडकलो होतो. ते अखेर सुटलं! आज इंग्रजीत त्याचा अर्थ सरळ उत्तर न देता टोलवाटोलवी करणे. प्राचीन रोमच्या न्यायालयात मात्र त्याचं लॅटिन रूप ‘प्राएवारिकातोर’ म्हणजे आरोपीशी आतून संधान बांधलेला फिर्यादी. इ.स.पू. 70 मध्ये काएकिलिउस नावाचा माणूस सिसिलीचा भ्रष्ट सुभेदार वेर्रेस याच्यावर खटला चालवायला पुढे सरसावला, तेव्हा वक्ता सिसेरोने त्याच्याबद्दल हाच संशय घेतला.

अडचण मुळाची होती. सिसेरो हा शब्द ‘वरिउस’शी, म्हणजे निरनिराळेपणाशी जोडतो. ‘डायजेस्ट’ या रोमन कायद्याच्या संग्रहात कायदेपंडित उल्पियानने नोंदवलेलं, त्याच्या आधीच्या लाबेओ या कायदेपंडिताचं मतही त्याच बाजूचं. उलट थोरला प्लिनी आपल्या ‘नॅचरल हिस्टरी’ या ज्ञानकोशाच्या 18व्या खंडात म्हणतो, नांगऱ्या वाकून चालला नाही तर ‘प्राएवारिकातुर’, त्याचं तास, म्हणजे नांगराची सरी, वाकडं जातं. शब्द तिथून न्यायालयात गेला. माझा कल प्लिनीकडे. ‘वारिकुस’ म्हणजे पाय फाकवून चालणारा, आणि आपल्या शब्दातला ‘क’ तिथूनच येऊ शकतो. पण वारिकुसच वरिउसपासून निघाला असेल तर? एकाचा ‘वा’ दीर्घ आणि दुसऱ्याचा ‘व’ ऱ्हस्व ठरला, तरच ते वेगळे. साध्या रोमन छपाईत ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. लुईस-शॉर्टच्या लॅटिन-इंग्रजी कोशात दीर्घाची रेघ आहे, पण ती संपादकांनी दिलेली. मला ती कशावरून दिली ते हवं होतं.

ते रोमन कवी ओविडकडे मिळालं. ‘आर्स आमातोरिया’, भाग 3, ओळ 304: उम्ब्रियन नवऱ्याची लालबुंद बायको ‘वारिका’, पाय फाकवून ढांगा टाकत चालते. ही ओळ पेंटामीटर या वृत्तात आहे, आणि त्याच्या उत्तरार्धाची सुरुवात गुरू-लघु-लघु अशीच लागते, तिथे सवलत नाही. म्हणजे ‘वा’ दीर्घच! आणि व्हर्जिलच्या ‘वरिउम एत मूताबिले’त (एनीड, 4.569) ‘व’ स्वच्छ लघु. दोन घराणी वेगळी. ओळ मोठ्याने म्हणताना तो ‘वा’ कानाला लागला, तो आनंद काही औरच. पर्सियस या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर ओळी पटकन सापडतात, पण मात्रा पाडायला कागद-पेन्सिलच हवी.

आता ‘टर्जिव्हर्सेट’ (टाळाटाळ करणे) हा शब्द घेणार होतो. पण हे लिहितानाच आठवलं, फाकत जाणाऱ्या फांद्यांना वनस्पतिशास्त्रात ‘डायव्हॅरिकेट’ म्हणतात. न्यूझीलंडमध्ये अशी झुडपं भरपूर. तोच ‘वारिकारे’, म्हणजे पाय फाकवणे! तेव्हा आधी तो. शिवाय व्हल्गेटमध्ये, म्हणजे बायबलच्या लॅटिन अनुवादात, रोमकरांस 4:15 इथे, ‘प्राएवारिकातिओ’ म्हणजे थेट नियमाचं उल्लंघन. वाकड्या तासापासून तिथवरची वाट मला पायरीपायरीने बघायची आहे. टर्जिव्हर्सेट थांबेल.