चौथा चमचा

मी इचलकरंजीत चहा पावडरच्या डिस्ट्रिब्युटरकडं सेल्समन आहे. कंपनीचं नाव घेत नाही, अजून त्यांचीच बॅग अडकवून फिरतोय. दिवसाला चाळीसेक दुकानं, ऑर्डर ॲपमध्ये पंच करायची आणि कुणी नाही म्हटलं तर का नाही ते पण टाकायचं. त्यात पर्याय चारच: स्टॉक आहे, दुकान बंद, मालक नाहीत, उधारी बाकी. चव बिघडली म्हणून घेत नाही, हे टाकायचं कुठं?

जूनमध्ये स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावरचे मामा म्हणाले, "भावा, पावडर बदललीया. तीन चमच्यात व्हायचं, आता चौथा टाकल्याबिगर रंग उतरंना." मी म्हटलं मामा, दूध बघा तुमचं. खरं तर मला कळलं होतं, डस्ट, म्हणजे हीच पावडर, तळहातावर घेतली की कळतंच, आधी बारीक काळा एकसारखा दाणा असायचा, आता तपकिरी आणि मध्येमध्ये काड्यांचा भुसा. पण महिन्याचं टार्गेट डोक्यावर होतं.

मामा चमचे मोजतात म्हणून बोलले तरी. घरातलं गिऱ्हाईक बोलत नाही, गुपचूप दुसरा पुडा उचलतं. पाकिटावर तक्रारीचा नंबर कायद्यानं छापावाच लागतो, पण त्यावर फोन केलेला माणूस मला तरी आजवर भेटलेला नाही.

आणि वर कुणाला पत्ताच नाही, कारण कंपनी विक्री धरते ती प्रायमरी, म्हणजे आमच्या गोडाऊनला उतरलेला माल. महिनाअखेरीला कंपनीचा एरिया मॅनेजर स्कीम दाखवून आमच्या डिस्ट्रिब्युटर शेठच्या गळ्यात पेट्या मारायचा, आकडा झकास, आणि इकडं गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा नाही. सप्टेंबरात शेठनी सांगितलं, आधीचा माल उचला मग नवं बिल. तेव्हा कुठं दोन साहेब गाडी करून आले.

मी त्यांना मामांकडं नेलं. साहेबांनी घोट घेतला, म्हणाले, "रंग तर चांगलाय की!" मामांनी काही न बोलता गाड्याखालून पुडा काढून समोर ठेवला. दुसऱ्या कंपनीचा.

दिवाळीच्या तोंडावर नवी बॅच आली, दाणा परत काळा. मामांना सँपल दिलं, त्यांनी तीनच चमचे टाकून चहा केला, मला पण पाजला, "बरी हाय" म्हणाले. ऑर्डर काय दिली नाही.

मी ॲपमध्ये 'स्टॉक आहे' टाकलं.