गोदी पामरची, मतंही पामरलाच

ईशान्य इंग्लंडमधल्या टाइन नदीच्या दक्षिण काठावरच्या जॅरो या गावात राहायला आल्यापासून एक नाव सारखं कानावर येतं: सर चार्ल्स मार्क पामर. टाऊन हॉलसमोर त्याचा पुतळा आहे. तिकडच्या वाचकांना हे नाव फारसं माहीत नसेल, म्हणून त्याच्याबद्दल लिहिते आहे.

पामरचा जन्म १८२२ चा, इथून जवळच्या साउथ शील्ड्सचा. ऐन तारुण्यात तो जॉन बोज या खाणमालकाचा भागीदार झाला. इथला कोळसा शिडाच्या जहाजांतून लंडनला जायचा, पण वारा पडला की जहाजं अडकून पडायची. तेवढ्यात दुसऱ्या प्रांतांतला कोळसा रेल्वेने लंडनला पोचू लागला आणि इथल्या खाणी संकटात आल्या. त्यावर पामरने भावाबरोबर जॅरोत गोदी काढली आणि १८५२ मध्ये लोखंडी, पाण्याखालच्या पंख्यावर चालणारी वाफेची कोळसावाहू बोट पाण्यात सोडली. तिला भागीदाराचंच नाव दिलं, 'जॉन बोज'. साडेसहाशे टन कोळसा लंडनला टाकून ती पाच दिवसांत परत आली. पामरच्याच हिशेबाप्रमाणे एवढ्या कामाला दोन शिडाच्या जहाजांना महिन्याहून जास्त लागला असता. मला त्याचं खरं मोठेपण इथे दिसतं. गिऱ्हाईक हातचं जाताना दिसल्यावर त्याने रडगाणं गायलं नाही, वाहतूकच बदलून टाकली.

मग गोदी वाढतच गेली. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या त्याच्या स्वतःच्या खाणींतलं लोहखनिज बोटींनी जॅरोला यायचं. भट्ट्या, पत्र्यांचे कारखाने, इंजिनांचे कारखाने, सगळं एकाच आवारात. एका टोकाने दगड आत जायचा आणि दुसऱ्या टोकाने जहाज बाहेर पडायचं. क्रिमियाच्या युद्धासाठी 'टेरर' ही चिलखती युद्धनौका इथे काही महिन्यांत उभी राहिली. आणि १८६६ ची 'जमना'! इंग्रज सैनिकांना पोर्ट्समथहून मुंबईला नेणारी ही बोट याच काठावर बांधली गेली. आपल्या नदीचं नाव या थंड, करड्या पाण्याच्या काठी वाचलं तेव्हा मी हरखून गेले. पण त्या बोटीतून कोण येत होतं आणि कशासाठी, हे आठवलं आणि तो आनंद टिकला नाही.

१८६८ मध्ये साउथ शील्ड्समधून तो निवडणूक हरला. १८७४ मध्ये नॉर्थ डरहॅममधून लिबरल पक्षातर्फे निवडून आला, पण मतदारांवरच्या दहशतीमुळे ती निवडणूक रद्द झाली. फेरनिवडणुकीत तो पुन्हा जिंकला. पुढच्याच वर्षी जॅरोचा पहिला महापौरही तोच झाला. १८८५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९०७ पर्यंत, तो जॅरोचा खासदार होता. पगार देणारा तोच आणि संसदेत बोलणारा तोच. काही हजारांचं गाव बघता बघता तीस हजारांच्या पुढे गेलं, तेही याच गोदीच्या जिवावर. त्याने कामगारांसाठी पत्नीच्या स्मरणार्थ इस्पितळ बांधलं, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही वाटतं, मालकच खासदार असेल तर मालकाविरुद्धचं गाऱ्हाणं कामगाराने कुणाकडे न्यायचं? तो गेल्यावर झालेल्या पोटनिवडणुकीत जॅरोने मजूर पक्षाच्या पीट करन यांना निवडून दिलं, ते मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं.

पुढे मंदीत गोदी बुडाली. १९३४ मध्ये जहाजबांधणीवाल्यांच्याच एका संस्थेने ती विकत घेऊन बंद केली, वर चाळीस वर्षं तिथे जहाज बांधायचं नाही अशी अट. कामकरी पुरुषांपैकी दहातले सात जण बेकार झाले. ऑक्टोबर १९३६ मध्ये दोनशे जण काम मागणारा अर्ज घेऊन लंडनपर्यंत मोर्चाने चालत गेले. त्यांच्याबरोबर त्यांच्या खासदार एलन विल्किन्सनही होत्या. पामर याच गावाच्या वतीने ज्या संसदेत बसायचा, तिथेच तो अर्ज सादर झाला. काम काही मिळालं नाही. इथल्या लोकांना पामरबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत आटपतात, त्या मोर्चाबद्दल विचारलं की खुर्ची ओढून बसतात.