तुम्ही विचारलेत म्हणून : स्कोफील्डच का?

अभिनयाच्या शिबिरात, प्रयोगानंतरच्या गप्पांत आणि हल्ली लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हाच प्रश्न विचारला जातो. "सर, एवढे नट असताना तुम्ही सारखं पॉल स्कोफील्डचंच उदाहरण का देता? ऑस्कर मिळवून घरी बसलेला माणूस तो. आणि तुम्ही त्याला रंगमंचावर पाहिलंय तरी का?" आजवर मी हसून वेळ मारून नेली, आता हसण्याचाही कंटाळा आला आहे.

नाही, या ब्रिटिश नटाला मी रंगमंचावर पाहिलेले नाही. 1962 साली पीटर ब्रुकच्या दिग्दर्शनाखाली त्याने शेक्सपिअरचा राजा लिअर उभा केला तेव्हा मी पाळण्यात होतो. 1996 साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये त्याने इब्सेनच्या नाटकातला बोर्कमन केला, ती त्याची रंगमंचावरची शेवटची भूमिका. त्या वेळी मी पुण्यात एका बँकेच्या काउंटरमागे बसून संध्याकाळच्या तालमीची वाट पाहत होतो. हा बोर्कमन पहिल्या अंकात दिसतच नाही, वरच्या मजल्यावर येरझारा घालणारी त्याची पावले तेवढी ऐकू येतात. ती पावले ऐकण्यासाठी मी काय वाटेल ते दिले असते. (दुसऱ्या महायुद्धात याच पायांची बोटे एकमेकांवर चढलेली आहेत, बूट घालता येत नाहीत, म्हणून त्याला सैन्यात घेतले नव्हते, आणि त्याची त्याला फार लाज वाटली होती. तो जन्मतःच निर्विकार ऋषी होता असे समजणाऱ्यांसाठी हे सांगितले.)

'घरी बसलेला' हे मात्र मी ऐकून घेणार नाही. 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले त्या 1967 च्या समारंभाला तो गेला नाही आणि पडद्यावर त्याच्या पत्नीची भूमिका करणाऱ्या वेंडी हिलरने त्याच्या वतीने बाहुली स्वीकारली, एवढ्यावरून लोकांनी पुढची चाळीस वर्षे ठरवून टाकली. त्यानंतर त्याने पडद्यावर लिअर केला, हॅम्लेटच्या बापाचे भूत केले आणि सत्तरी ओलांडल्यावर 'क्विझ शो'साठी पुन्हा नामांकन मिळवले. 'सर' ही पदवी त्याने नाकारली हे खरे; पण 2001 साली 'कंपॅनियन ऑफ ऑनर' हा सन्मान, ज्यात नावाआधी 'सर' लागत नाही, तो त्याने घेतला. वडील ज्या खेड्यातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते, त्या हर्स्टपियरपॉइंटपासून काही मैलांवर, बाल्कम नावाच्या गावात, जॉय पार्करबरोबर त्याने संसार केला. यात त्याग कुठे आहे? त्याला जे आवडत होते ते तो करत होता. त्यागाचे भगवे वस्त्र आपण त्याच्या अंगावर चढवले. त्यात माझाही हात होता.

आता ज्या प्रसंगामुळे हा प्रश्न मला बोचतो, तो सांगतो. माझी एक विद्यार्थिनी होती. आवाज, टायमिंग, स्तब्ध उभे राहण्याची ताकद, सगळे तिच्याकडे होते. 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स'मधला खटल्याचा प्रवेश मी त्या तुकडीला अनेकदा दाखवला होता. रिचर्ड रिच खोटी साक्ष देतो आणि त्या साक्षीने राजापुढे न झुकलेल्या सर थॉमस मोरचे (हा स्कोफील्ड) मरण निश्चित होते. रिच परत निघालेला असताना मोर त्याला थांबवतो आणि त्याच्या गळ्यातली अधिकाराची साखळी पाहायला मागतो. रिचला वेल्स या छोट्याशा प्रांताचा अॅटर्नी जनरल केले आहे, असे त्याला सांगण्यात येते. साऱ्या जगासाठी आत्मा विकला तरी तो तोट्याचाच व्यवहार, आणि तू वेल्ससाठी विकलास, अशा अर्थाचे काहीतरी मोर म्हणतो. स्कोफील्ड तिथे ओरडत नाही. त्याच्या आवाजात राग शोधून सापडत नाही. मास्तरांना हुशार मुलाने कॉपी करावी याचे वाटते तसले काहीतरी तिथे असते.

त्याच सुमारास या मुलीला एका दैनंदिन मालिकेत मोठी भूमिका आली. माझ्याकडे प्रायोगिक नाटकाची तालीम सुरू होती. चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर तिने ती बातमी सांगितली आणि मी म्हणालो, "अगं, पण वेल्ससाठी?" सगळे हसले, तीही हसली. तिने मालिका सोडली.

नाटकाचे मोजके प्रयोग झाले आणि ते बंद पडले. बऱ्याच वर्षांनी एका दौऱ्यावर, बसमध्ये, ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि अतिशय शांतपणे म्हणाली, "सर, वेल्स इतकं वाईट नसतं. तिथे घरभाडं निघतं." मी म्हणालो की मी तुला सोड म्हणून सांगितले नव्हते. "नव्हतंच," ती म्हणाली. "पण एक सांगा, स्कोफील्डचं तुम्ही जे जे दाखवलंत ते सगळं सिनेमातलं. ती साखळी, ते डोळे. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ते दिसलं असतं? कॅमेऱ्यामुळे भेटलेला माणूस दाखवून तुम्ही आम्हाला कॅमेऱ्याची लाज वाटायला लावलीत."

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते, आणि बसमधली बाकी मंडळी भेंड्या खेळत होती.

उत्तरे नंतर सुचली, ती अशा वेळी नंतरच सुचतात. स्कोफील्डने तोच मोर आधी लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर केला होता, 1962 चा टोनी पुरस्कार त्याला त्यासाठीच मिळाला होता. ते डोळे शेकडो प्रयोगांत तयार झाले, कॅमेऱ्याने फक्त टिपले. हा युक्तिवाद मला अजूनही पटतो. पण लगेच सालिएरी आठवतो, 'अमेडियस' नाटकातला मोत्सार्टवर जळणारा संगीतकार. 1979 साली नॅशनल थिएटरमध्ये 'अमेडियस'चा पहिला सालिएरी त्याने केला (मोत्सार्टची बायको कॉन्स्टान्झे होती फेलिसिटी केंडल, म्हणजे आपल्या पृथ्वी थिएटरच्या जेनिफर कपूर यांची धाकटी बहीण). 1984 च्या चित्रपटात ती भूमिका एफ. मरे अब्राहमने केली आणि ऑस्कर मिळवले. आज सालिएरी म्हटले की माझ्यासुद्धा डोळ्यांसमोर अब्राहमच येतो. 2004 साली रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या नटांनी स्कोफील्डच्या लिअरला शेक्सपिअरच्या नाटकांतली सर्वश्रेष्ठ भूमिका ठरवले. त्यांच्यातल्या तरुणांनीही तो रंगमंचावर पाहिलेला असणे शक्य नव्हते. मग आम्ही सगळे नेमके कशाला मानतो?

पैशांचेही बोलायला हवे. त्याच्या पाठीशी सरकारी अनुदानावर चालणारी नाट्यगृहे होती, आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या तालमी होत्या. आपल्याकडे नटाला प्रयोग झाला तर नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचे मानधन, मिळते, पावसाने प्रयोग रद्द झाला तर तीही नाही. हा फरक मला तेव्हाही ठाऊक होता, तरी मी तो वर्गात सांगत नसे. कारण सांगितला असता तर गोष्ट तितकीशी उदात्त राहिली नसती. त्या काळचा मी माझ्याशी आजही वाद घालतो की विशीतल्या मुलांना थोडी उदात्तता हवीच असते, हिशेब ती पुढे शिकतातच. त्याचे म्हणणे मला पूर्ण खोडता येत नाही.

तो प्रवेश मी अजूनही दाखवतो, कारण खालच्या आवाजात प्रचंड बोलणे कसे असते हे दाखवायला त्याहून चांगले माझ्याकडे काही नाही. ती मुलगी आता दोन्हीकडे काम करते आणि उत्तम करते. माझ्या नाटकाला येते, नंतर मोकळेपणाने दोषही सांगते. तुम्हाला मालिका आली असेल तर ती घ्यावी की नाही हे मला विचारू नका. पर डे, म्हणजे दिवसाचे मानधन, किती आहे, महिन्यातून किती दिवस अडकाल आणि तालमीला संध्याकाळ मोकळी ठेवतील का, एवढे आधी निर्मात्याला विचारा.