फिर्याद वाचून घेतल्याशिवाय सही करू नका

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यातल्या आपल्या मराठी लोकांना एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे म्हणून हे लिहायलोय. अपघातानंतर पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब, म्हणजे आपली फिर्याद, कन्नडमध्ये असतो, आपल्यातल्या निम्म्यांना तो वाचता येत नाही आणि तरी आपण दाखवतील तिथे सही करून मोकळे होतो. पुढे इन्शुरन्स कंपनी, कोर्ट, वकील सगळे त्याच कागदावर बोट ठेवून बोलतात. तुम्ही तोंडाने काय सांगितलं होतं हे नंतर कोण ऐकत नाही, कागदावर काय आहे तेवढंच चालतं.

माझे दाजी गडहिंग्लजचे. संकेश्वरहून हायवेला लागून कारने बेळगावला आमच्याकडे येत होते, आणि हत्तरगीच्या अलीकडे सर्व्हिस रोडवरून उलट्या बाजूने एक टेम्पो वर आला तो सरळ ड्रायव्हरच्या बाजूला धडकला. पायाचं हाड मोडलं, गाडीचा पुढचा भाग गेला. लोकांनी उचलून बेळगावच्या दवाखान्यात आणलं, तिथून पोलिसांना कळवलं गेलं आणि हवालदार वॉर्डातच जबाब घ्यायला आले. माणूस चांगला होता, मराठी पण बोलत होता, दाजी मराठीत सांगत होते आणि ते कन्नडमध्ये भराभर लिहीत होते. झाल्यावर म्हणाले, सगळं बरोबर हाय ओ, इथं सही करा.

माझी पोरगी मराठी शाळेतच शिकली पण शाळेत कन्नड होतं त्यामुळे तिला चांगलं वाचता येतं. ती म्हणाली, मामा जरा थांबा, आणि हवालदारांना म्हणाली, सर, ओदि हेळ्री, म्हणजे वाचून सांगा. त्यांनी वाचायला सुरुवात केली तर त्यात दाजी बेळगावकडून संकेश्वरकडे जात होते असं लिहिलेलं, म्हणजे बरोबर उलट, आणि टेम्पोच्या नंबरातला एक आकडा गाळलेला. हवालदारांनी काही कुरकुर न करता दोन्ही जागी दुरुस्त केलं, बाजूला सही घेतली, आणि मगच दाजींनी खाली सही केली.

आता तुम्ही म्हणाल दिशा उलटी लिहिली तर काय बिघडलं. बघा, नंतर स्पॉट पंचनामा होतो, जागेचा नकाशा काढतात, त्यात गाडी बेळगावकडे जाणाऱ्या लेनवर सापडली असं येणार, आणि फिर्यादीत तुम्ही संकेश्वरकडे निघालेले. मग समोरचा वकील सरळ म्हणतो की तुम्हीच राँग साइडने होता. निदान थोडी चूक तुमचीही धरा म्हणतो, आणि कोर्टाने ते मानलं तर जेवढी तुमची चूक ठरते तेवढ्या हिश्शाची भरपाई कापली जाते. नंतर पुरवणी जबाब देता येतो, नाही असं नाही, पण उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येतो की हे तेव्हाच का नाही सांगितलं.

वाचून दाखवा म्हणणं हा उद्धटपणा नाही ओ, कायदाच तसा आहे. 1 जुलै 2024 पासून जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे की तोंडी दिलेली माहिती लिहून घ्यायची, ती सांगणाऱ्याला वाचून दाखवायची आणि मग सही घ्यायची. त्याच कलमात एफआयआरची, म्हणजे ठाण्यात नोंदवलेल्या पहिल्या खबरीची कॉपी फिर्यादीला किंवा पीडिताला फुकट द्यायची असं पण आहे. झेरॉक्सचे पैसे, चहापाणी काही लागत नाही. घरातलं कोणी लिहिणारं असेल तर फिर्याद आधी स्वतःच्या कागदावर लिहून न्यावी हे माझं मत, कारण शांतपणे लिहिलेल्यात तारीख, वेळ, नंबर, कुठून कुठे हे सगळं नीट येतं. सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावेत ही सीमाभागाची मागणी जुनी आहे आणि ती रास्तच आहे, पण ती मान्य होईपर्यंत आपला पाय मोडायचा थांबत नाही ना.

एफआयआर हातात आली की कन्नड येत नसलं तरी आकडे वाचा. गाडीचे नंबर, तारीख, वेळ, कलमं हे बहुतेक इंग्रजी आकड्यातच असतं. बेदरकार ड्रायव्हिंगला आता भारतीय न्याय संहितेचं 281, दुखापतीला 125, मृत्यू झाला असेल तर 106. जुन्या आयपीसीची (भारतीय दंड संहितेची) 279, 337, 338, 304अ लोकांच्या तोंडात अजून आहेत त्यामुळे गोंधळ होतो. कॉपी हरवली तर कर्नाटक पोलिसांच्या वेबसाईटवर एफआयआर शोधता येते. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्येच सांगितलंय की संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर 24 तासांत वेबसाईटवर टाकायची.

दवाखान्यातला कागद पण तितकाच महत्त्वाचा. कॅज्युअल्टीमध्ये डॉक्टर पहिलं विचारतात कसं झालं, आणि तुम्ही जे सांगता ते केसपेपरवर चढतं. आमच्या गल्लीतल्या एका पोराला कारने उडवलं होतं पण पोलिसांचा ताप नको म्हणून बरोबरच्यांनी सांगितलं की गाडीवरून पडला. केसपेपरवर तेच आलं, आणि पुढे ऑपरेशनचा खर्च वाढल्यावर केस करायची म्हटली तर तो कागदच आडवा आला. जे झालं ते तसंच सांगा, कोणत्या गाडीने धडक दिली ते सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची दवाखान्यातली नोंद, करून घ्या. उशीर झाला म्हणून सोडून पण देऊ नका, जखमीला वाचवण्यात वेळ गेला आणि एफआयआर उशिरा झाली तर नुसत्या त्या कारणावर भरपाईची केस फेटाळता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये म्हटलेलं आहे.

आणि ते जागेवर मिटवून घेणं, त्याचा मला फार राग येतो. चार माणसं जमतात, दहा-पंधरा हजार हातात देतात, जाऊ दे म्हणतात, जखमीला तेव्हा आत काय तुटलंय ते माहीतच नसतं. धडक देणारा पळून गेला आणि सापडलाच नाही तरीसुद्धा एफआयआर करा, कारण हिट अँड रनमध्ये सरकारी योजनेतून मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार मिळतात, पण त्यासाठी पोलिसांत नोंद पाहिजे.

हद्दीचा घोळ हा आपला खास. बाची संपली की शिनोळी, म्हणजे कर्नाटक संपून चंदगड तालुका. निपाणी सोडली की थोड्या वेळात कागल. तिथे अपघात झाला की हे आमच्याकडे येत नाही, तिकडे जा असं ऐकायला मिळू शकतं. तेव्हा झिरो एफआयआर म्हणायचं. हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची, हे त्याच 173 मध्ये आहे. नाहीच घेतली तर एसपींकडे लेखी पाठवता येते आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे.

भरपाईचा दावा मात्र अपघात झाला तिथेच लावायला पाहिजे असं नाही, हे खूप जणांना माहीत नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टात, पण लावता येतो, म्हणजे अपघात कर्नाटकात, दावा कोल्हापूर जिल्ह्यात असं चालतं. दाजींनी तेच केलं. फक्त सगळे कागद कन्नडमध्ये, त्यामुळे भाषांतर करून घ्यावं लागलं, त्याचा खर्च आणि वेळ आधीच धरून ठेवा. मुदत कायद्यात अपघातापासून सहा महिने लिहिलेली आहे, 1 एप्रिल 2022 पासून. चार्जशीट येऊ दे मग बघू म्हणत लोक बसतात, तसं बसू नका. पोलिसांनी पण 48 तासांत पहिला रिपोर्ट आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात रिपोर्ट ट्रिब्युनलला द्यायचा असतो, तो दिला का हे ठाण्यात विचारत राहायचं.

दाजींच्या केसमध्ये आता चार्जशीट झालंय. पंचनामा, नकाशा, आरटीओचा गाडी तपासल्याचा रिपोर्ट आणि जखमेचा दाखला यांच्या सर्टिफाईड कॉप्यांसाठी कोर्टात अर्ज दिलाय, आणि त्या सगळ्यात गाडी संकेश्वरकडून बेळगावकडे येत होती असंच आहे ना, हे पोरगी बसून वाचणार आहे.